फुकट्यांची यादी करायचीच तर

बेळंदूर, बंगळुरू

प्रिय शेजारी,



गेल्या गणपतीतली गोष्ट. दुसऱ्या दिवशीची रात्रीची आरती झाली, क्लब हाउसमधली मसालेभात-जिलबीची पंगत उठली आणि आपण मराठी मंडळी खुर्च्या ओढून गप्पा मारत बसलो. बोलता बोलता कर्नाटक सरकारच्या पाच गॅरंटींचा, म्हणजे फुकट बस, फुकट वीज अशा योजनांचा, विषय निघाला. तुम्ही बडीशेप तोंडात टाकलीत आणि म्हणालात, “कर आपण भरायचा आणि ह्या बायांनी फुकट बसमधून गावभर हिंडायचं. वर घरबसल्या दोन हजार. सगळा फुकट्यांचा बाजार झालाय. उद्या कामाला बाई मिळणार नाही, लिहून ठेवा.” सात-आठ जण हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही.

आपल्यापासून दोन हातांवर एक बाई उष्टी ताटं गोळा करत होती. तुम्ही तिच्याकडे एकदा पाहिलंत. आवाज मात्र खाली आणला नाहीत.

त्या रात्री मी गप्प बसले, म्हणून आज हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण असं बोलणारे तुम्ही एकटे नाही. बेळंदूरपासून व्हाइटफील्डपर्यंत आणि बाणेरपासून पवईपर्यंत, जेवण झालं की हेच बोलणं घराघरांत चालतं. पण पत्राला एक पत्ता लागतो. तो मी तुमचा घातला आहे.

तुम्ही हिशेबाचे पक्के. सोसायटीचे खजिनदार असताना जनरेटरच्या डिझेलचा खर्च तुम्ही लिटर-लिटरनं मांडून दाखवला होता. मग फुकट्यांची यादीही तशीच नीट करू. सुरुवात तुमच्याच घरापासून करते, कारण तिथली सगळी माहिती तुम्हीच मोठ्या प्रेमानं सांगितलेली आहे.

तुमचे वडील जत तालुक्यातल्या खेड्यातून सांगलीला शिकायला आले आणि सात घरी वार लावून जेवले. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी शाळेतल्या मास्तरांकडे, एक वार असा की त्या दिवशी ताकभातावर भागवायचं. हे सांगताना तुमचा गळा दाटून येतो आणि ते साहजिकच आहे. पण त्या सात घरांनी काय केलं? एका परक्या मुलाला वर्षानुवर्षं फुकट जेवू घातलं. त्या घरच्या बायकांनी त्याच्या हातून आधी काम करून घेतलं नाही की त्याच्या बापाच्या उत्पन्नाचा कागद मागितला नाही. पोटात पडलं तर डोक्यात शिरेल, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आता दुसरं एक ताट पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये बंगळुरूत सरकारी इंदिरा कॅन्टीन सुरू झाली तेव्हा पाच रुपयांत न्याहारी आणि दहा रुपयांत जेवण मिळू लागलं. एकदा एका सरकारी रुग्णालयाबाहेरच्या कॅन्टीनपाशी मी सकाळी थांबले होते. माझ्यापुढे रायचूरकडचा एक म्हातारा. त्याचा मुलगा वॉर्डात, हा तीन रात्री जिन्याखाली झोपलेला. त्यानं धोतराच्या सोग्यातून पाच रुपयांचं नाणं सोडवलं, टोकन घेतलं आणि उभ्यानंच खाराभात खाल्ला. ताटलीच्या कडेला लागलेलं शेवटचं शीतसुद्धा त्यानं बोटानं पुसून घेतलं. मला तुमच्या वडिलांची आठवण झाली. त्यांच्या वाराच्या ताटात आणि ह्या ताटलीत एक फरक आहे. वार बहुतेक करून जात पाहून मिळायचा, म्हणून तर शाहू महाराजांना कोल्हापुरात बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी करावी लागली. कॅन्टीनच्या खिडकीत जात विचारत नाहीत. वडिलांच्या ताटाला तुम्ही संस्कार म्हणता आणि म्हाताऱ्याच्या ताटलीला रेवडी. कोणत्या तोंडानं?

पुढची नोंद १९७२ ची. त्या दुष्काळात तुमच्या चुलत्यांनी खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पोरांसाठी सुकडीच्या रांगेत उभे राहिले. हेही तुम्हीच सांगितलंत. सरकारनं कामं काढली, धान्य आणलं, म्हणून ते घर गावात टिकलं. वि. स. पागे यांनी ध्यास घेतला म्हणून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ह्या योजनेला पैसा हवा म्हणून महाराष्ट्रानं १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्याच्या पगारदारांच्या पगारातून कापलेली रक्कम अशी दुष्काळी तालुक्यांतल्या मजुरांच्या हातात पडू लागली. तुमच्या वडिलांना तोवर सांगलीत नोकरी लागलेली होती, त्यांच्याही पगारातून ती कापली जात असणार. ‘माझ्या पैशावर हे फुकटे जगतात’ असं ते कधी म्हणाल्याचं तुमच्याकडून ऐकलं नाही. म्हणणार कसे? खडीवर पाठचा भाऊ बसलेला होता. तुमची अडचण अशी आहे की तुमच्या ओळखीचं आता खडीवर कोणी उरलेलं नाही.

मग तुमची स्वतःची पानं. शाळेत ईबीसीचा, म्हणजे फीसवलतीचा फॉर्म, त्याला जोडायला तलाठ्याकडून आणलेला उत्पन्नाचा दाखला, एसटीचा विद्यार्थी-सवलतीचा पास. पुढे सरकारी अनुदानावर चालणारं इंजिनिअरिंग कॉलेज आणि तिथली नाममात्र फी. तुम्ही हुशार होता आणि रात्र-रात्र अभ्यास केलात, ह्याबद्दल वाद नाही. पण त्या अभ्यासाखालची सतरंजी लोकांच्या पैशांची होती.

नोकरीसाठी बंगळुरूत आलात ते इलेक्ट्रॉनिक्स सिटीत. ती वसाहत काही कोण्या उद्योगपतीनं पदरमोड करून वसवली नव्हती. केऑनिक्स ह्या कर्नाटक सरकारच्या महामंडळानं, आर. के. बाळिगा यांच्या पुढाकारानं, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ह्या गावांच्या शिवारात १९७८ च्या सुमाराला तिचा पाया घातला. त्याही आधी एचएएल, आयटीआय, एचएमटी, बीईएल ह्या सरकारी कारखान्यांनी ह्या शहरात इंजिनिअरांची पिढी घडवली होती. १९९१ पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली आणि सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावर आयकर माफ राहिला. ही माफी मार्च २०११ पर्यंत चालली. तुमच्या कंपनीचा जो कर वाचला, त्यातूनच पगारवाढी झाल्या, शेअर वाटले गेले आणि सर्जापूर रस्त्यावरचे फ्लॅट बुक झाले. वर गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळाली ती वेगळीच.

ह्या माफीनं देशाचं भलं झालं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणते. सरकारनं आधी हात दिला आणि मग उद्योग आपल्या पायावर उभा राहिला. कंपनीच्या बाबतीत जे तुम्हाला पटतं, ते माणसाच्या बाबतीत पटायला काय हरकत आहे?

आता गेल्या चार-पाच वर्षांतलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्जापूर रस्ता आणि बाहेरचा रिंग रोड पाण्याखाली गेले. तलाव बुजवून, राजकालुवे म्हणजे जुने मोठे नाले अडवून जिथे बांधकामं झाली, तिथेच पाणी परत आलं. कोटी-कोटींच्या बंगल्यांतल्या लोकांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं आणि इंजिनिअर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून ऑफिसला गेले. तुम्हालाही पहाटे होडीतून बाहेर काढलं. अग्निशमन दलाच्या त्या जवानानं तुमचा उत्पन्नाचा दाखला तपासला होता का? नाल्यावर घर का घेतलंत, असं विचारून तुम्हाला गॅलरीत ताटकळत ठेवलं होतं का? त्यानं हात पुढे केला आणि तुम्ही तो धरलात. मदत अशीच करायची असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरीच्या पाण्याचा पाचवा टप्पा सुरू झाला. रोज ७७ कोटी ५० लाख लिटर पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपांनी चढावर उचलून आणायचं आणि ते आपल्यासारख्या शहराच्या कडेच्या वस्त्यांना पुरवायचं. त्यासाठी जपानी संस्थेकडून कर्ज काढलं, ते सरकारी यंत्रणेनं. बंगळुरूतली पाणीपट्टी २०१४ पासून २०२५ पर्यंत एका पैशानंही वाढली नाही आणि त्या काळात पंपांच्या विजेचा खर्च मात्र वाढत राहिला. मधला खड्डा कोणी भरला? आपल्या कुंपणाच्या मागे निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या आहेत. आपला टॉवर बांधायला यादगीर-कलबुर्गीहून आलेले मजूर तिथे राहतात. त्यांच्याकडे त्या कावेरीचा नळ नाही. बाया ड्रम घेऊन टँकरची वाट पाहतात.

आणि आता तुमच्या विजेच्या बिलाची नोंद. ही करताना मला वाईट वाटतं, कारण त्या अर्जाला मीच तुम्हाला मदत केली. जून २०२३ मध्ये सेवा सिंधू ह्या सरकारी पोर्टलवर गृहज्योतीचा फॉर्म भरताना ओटीपी येईना, म्हणून तुम्ही आमच्या घरी आला होतात. दोनशे युनिटपर्यंतची वीज माफ करणाऱ्या ह्या योजनेला उत्पन्नाची अट नाही. बंगळुरूच्या हवेत तुम्हाला एसी लागत नाही, घरात माणसं दोन. तेव्हापासून तुमचं बिल शून्य येतं. मिळतंय ते घ्या, नियमात बसतं. पण मग पाच गॅरंटींच्या लाभार्थ्यांच्या यादीत तुमचं नाव आहे, एवढं लक्षात असू द्या. दरमहा शून्याचं बिल घेणारा माणूस बसमधल्या शून्याच्या तिकिटाला नाक मुरडतो, हे मला सहन होत नाही.

“कर आपण भरतो,” हे तुमचं ठेवणीतलं वाक्य. आयकर केंद्र सरकार गोळा करतं आणि त्यातला वाटा राज्यांना येतो, हे खरं. पण कर्नाटकाच्या तिजोरीत सर्वांत मोठी भर पडते ती राज्याच्या स्वतःच्या करांची. जीएसटी, दारूवरची अबकारी, पेट्रोल-डिझेलवरचा विक्रीकर, मुद्रांक शुल्क, वाहन कर. आपल्याकडे कामाला येणारी बाई मोबाइलचा रिचार्ज मारते तेव्हा १८ टक्के जीएसटी भरते, तुमच्याइतकाच. तिचा भाजीवाला डिझेलवरचा कर भाजीच्या भावात लावतो. तिचा नवरा स्वस्तातली क्वार्टर घेतो, त्या बाटलीवरची अबकारी सरकारला वर्षाला तीस हजार कोटींहून अधिक देणाऱ्या त्याच ओघात मिसळते. त्या दारूनं तिचं घर पोखरलं, तो कर तर तिनं अंगावरच्या वळांनी भरला आहे. गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा दोन हजार तिच्या नावावर येतात, नवऱ्याच्या नाही, ह्याचं मोल तिला विचारा.

आकडेच हवेत तर घ्या. पाचही गॅरंटींवर कर्नाटक वर्षाला साधारण पन्नास-बावन्न हजार कोटी खर्च करतं. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रानं कंपन्यांचा कर कमी केला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडलं, हा सरकारनंच सांगितलेला आकडा. २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, तेव्हा सोडलेलं उत्पन्न सुमारे एक लाख कोटी. हे आकडे सबंध देशाचे आणि गॅरंटींचा एका राज्याचा, हा फरक मी लपवत नाही. पण अर्थसंकल्पाच्या त्या संध्याकाळी तुम्ही पेढे वाटलेत, हेही मला आठवतं. आपल्या खिशात राहिलेला पैसा धोरण आणि दुसऱ्याच्या खात्यात गेलेला पैसा भीक, असं दोन काट्यांनी तोलू नका.

दुसरं तुमचं वाक्य, “फुकट मिळालं की माणूस आळशी होतो.” ज्या बाईला तुम्ही फुकटी म्हणालात, ती माझ्या घरी स्वयंपाकाला येते. ती सिल्क बोर्डच्या पलीकडे राहते. पहाटे साडेचारला उठते, मुलांचे डबे करते, सहाच्या आत स्टॉपवर येते. आधी एसी वज्र बस येते, ती सोडावी लागते, कारण बायकांना फुकट प्रवास देणारी शक्ती योजना साध्या बसलाच लागू आहे. मग साधी ५००-डी येते. कंडक्टर आधार कार्ड पाहून गुलाबी शून्य तिकीट हातात ठेवतो आणि ती एका हातानं दांडा धरून उभी राहते. ११ जून २०२३ ला ही योजना सुरू झाली. त्याआधी येण्याजाण्याचे रोज चाळीस रुपये मोडायचे, म्हणून ती चालत जाता येईल अशी दोनच घरं करायची. आता पाच करते. आपल्या सोसायटीतलं माझं घर त्यातलंच. फुकट बस मिळाली म्हणून ती बेळंदूरला पोचली, म्हणून गणपतीच्या पंगतीत जास्तीच्या कामाला आली, म्हणून तुमचं खरकटं ताट तिनं उचललं. कामाला बाई मिळणार नाही असं तुम्ही म्हणत होता, तेव्हा फुकट बसनं आणलेली बाई तुमच्या समोर वाकलेली होती.

जुलै २०२५ पर्यंत ह्या योजनेत महिलांचे पाचशे कोटी प्रवास झाले. त्यांत देवदर्शन आलं, माहेर आलं, दवाखाना आला. तुमच्या भाषेत ‘गावभर हिंडणं’. बाईनं कामाशिवाय कुठे जाऊच नये, असं तुम्ही तुमच्या सुनेला सांगाल का?

आणि घरबसल्या दोन हजारांचं काय होतं, तेही ऐका. आपल्या बेळगाव जिल्ह्यात, रायबाग तालुक्यातल्या एका आजीबाईंनी गृहलक्ष्मीचे हप्ते साठवले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यातून सगळ्या गावाला होळिगेचं, म्हणजे पुरणपोळीचं जेवण घातलं. वर्तमानपत्रांत आलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताकडे बघत आलेल्या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे म्हणता येतील असे पैसे आले, आणि तिला सुचलं काय, तर गावाला जेवू घालावं. तुमच्या वडिलांना वाराला वाढणाऱ्या बायकांचीच ही जात.

ह्या योजनांत दोष नाहीत असं मी म्हणत नाही. गृहलक्ष्मीचे हप्ते कित्येक महिने रखडतात. शक्तीचे पैसे सरकार परिवहन महामंडळांना वेळेवर देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये बसचं भाडं पंधरा टक्क्यांनी वाढलं, त्याचा भार पुरुष मजुरांवर पडला. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना निवडणुकीच्या तोंडावर घाईनं आणली, नंतर तपासणीत दोन हजारांहून अधिक सरकारी नोकरदार बायका पैसे घेताना सापडल्या. फसवाफसवी पगारदारही करतात, हे त्यातून दिसलं. हे प्रश्न जरूर विचारा. बस वाढवा म्हणा, हप्ता वेळेवर द्या म्हणा, खोटी नावं काढा म्हणा. मी तुमच्या बरोबर सही करीन. पण असे प्रश्न विचारण्यासाठी त्या रांगेतल्या माणसांबद्दल आस्था लागते. तुम्ही त्या रात्री प्रश्न विचारला नाहीत, शिवी दिलीत.

माझा आरोप तेवढाच आहे. तुम्ही सगळ्यांकडून घेतलंत, बक्कळ घेतलंत, आणि ते विसरलात. घेण्यात काही पाप नाही. सात घरच्या अन्नावर वाढलेल्या माणसाच्या मुलानं आठव्या घराच्या दारात उभं राहून आत येणाऱ्याला हटकावं, हे पाप आहे.

त्या रात्री आवरून झाल्यावर मी तिला उरलेला मसालेभात बांधून द्यायला गेले. तिनं डबा घेतला नाही. “नको ताई, आज फुकटचं नको,” एवढंच म्हणाली आणि शेवटची बस गाठायला निघून गेली.

ती बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातली आहे. तिच्या घरी मराठीच बोलतात. तुमचा शब्द न् शब्द तिला कळला.

ती अजूनही सकाळी पावणेसातला आपल्या गेटवर येते. माफी मागायची असेल, तर भाषेची अडचण येणार नाही.

तुमची शेजारीण